‘कुठे?’ हा प्रश्न

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘केव्हा?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की, इतिहास म्हणजे सनावळी असेच मुलांना वाटू लागते. ‘का?’ हा प्रश्न त्यामानाने कमी येतो आणि ‘कुठे?’ तर जवळजवळ येतच नाही. आला तरी रिकाम्या जागा भरण्यापुरता, एका गुणाचा. ‘कुठे’साठी आपण भूगोलाचा वेगळा तास ठेवला आहे. त्या तासाला नद्या, पर्वत, पिके, खनिजे येतात आणि माणसे येतात ती लोकसंख्येच्या आकड्यांतून. इतिहासाच्या तासाला नकाशा गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचा आणि भूगोलाच्या तासाला फळ्यावरचे सन पुसून टाकायचे, अशी ही वाटणी आहे. तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर मला असे वाटते की, ही केवळ वेळापत्रकाची सोय नव्हे. ही विचार करण्याची एक सवय आहे, आणि तिच्यामुळे काही अन्याय आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्याला दिसत नाहीत.

ही सवय शाळेपुरती मर्यादित नाही. तत्त्वज्ञानातही अवकाशाची, म्हणजे सारे काही ज्या ‘जागे’त असते तिची चर्चा दीर्घकाळ एखाद्या रिकाम्या भांड्याची करावी तशी झाली. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त निरपेक्ष अवकाश मानला. त्यात वस्तू असोत वा नसोत, तो आपला जसाच्या तसा. लायब्निट्सने क्लार्कशी १७१५-१६ साली झालेल्या पत्रव्यवहारात याला हरकत घेतली. त्याच्या मते अवकाश म्हणजे वस्तूंच्या एकमेकींशी असलेल्या संबंधांची व्यवस्था. वस्तूच नसतील तर जागा कशाची? पुढे कांटने १७८१ साली तिसरी वाट काढली आणि अवकाश हा आपल्या पाहण्याचाच साचा आहे असे मांडले. आपल्याकडे वैशेषिकांनी नऊ द्रव्यांमध्ये ‘दिक्’ हे आकाशाहून वेगळे, स्वतंत्र द्रव्य धरले. पूर्व-पश्चिम, दूर-जवळ हे व्यवहार ज्याच्यामुळे चालतात ते दिक्. मात्र हे दिक् एक आणि अखंड आहे. त्यातले पूर्व-पश्चिम हे भेद उपाधीमुळे, सूर्याच्या संदर्भाने, पडलेले आहेत असेही त्यांनी सांगून ठेवले. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला असेल त्यांना हे आठवेल. मूळ जागेला कप्पे नाहीत, कप्पे व्यवहाराचे आहेत, एवढी गोष्ट वाचकांनी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

विसाव्या शतकात ही चर्चा इतिहासाकडे वळली. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल याने १९४९ साली भूमध्य समुद्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात राजाच्या आधी समुद्र, डोंगर आणि वाटा आल्या. आंरी लफेव्र याने १९७४ साली असे मांडले की, जागा आयती मिळत नाही. कापड किंवा धान्य जसे समाज निर्माण करतो तशी जागाही समाजच निर्माण करतो. मिशेल फूको याने १९७६ च्या एका मुलाखतीत अशी तक्रार केली की, काळाला आपण जिवंत आणि समृद्ध मानत आलो आणि जागेला मात्र मृत, निश्चल समजत आलो. ही नावे परकी वाटत असतील तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव घ्यावे. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने पुण्याच्या आसपासचा मुलूख पायांखाली घातला. आडवाटांवर, तिठ्या-चौकांवर शेंदूर लावलेल्या देवता कुठे बसल्या आहेत हे त्यांनी नोंदवले आणि त्यावरून प्राचीन वाटांचा माग काढला. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात हे काम आहे. पोथीत न सापडणारा इतिहास त्यांना जागेवर सापडला.

खरे म्हणजे जागा निर्जीव नाही हे आपल्या भाषेला केव्हाचेच ठाऊक आहे. आपण नव्या माणसाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारत नाही, ‘तुम्ही कुठले?’ असे विचारतो, आणि उत्तरावरून ‘कोण’ ते ताडतो. मुलीसाठी आपण ‘स्थळ’ पाहतो. एखाद्याने पायरीने राहावे असे म्हणतो. तो वरचढ झाला तर त्याला ‘त्याची जागा’ दाखवतो. गावकूस आणि वेस हे शब्द मातीच्या भिंतीचे खरे, पण त्यांच्या आतला आणि बाहेरचा असे म्हटले की माणसाचे सारे आयुष्य त्यात येते. उंच-नीच, आत-बाहेर, जवळचा-परका हे जागेचे शब्द आहेत आणि आपण ते माणसांना लावतो.

या अंकाच्या वाचकांना तर हे अधिक सांगायला नको. आपण सीमेवरची माणसे. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे; स्टेशन आधीचे, सीमा १९६० ची. त्या वर्षी १ मे रोजी डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, आपल्या जुन्या पश्चिम खानदेशातली काही गावेही गेली. कोणाचे घर तसूभर हलले नाही. तरी शाळेची भाषा, कचेरीचा पत्ता आणि एस.टी.चा रंग बदलला. बडोद्याच्या मराठी माणसाने हे दोनदा अनुभवले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अकरा वर्षांनी तेच गाव गुजरात राज्यात आले. दांडिया बाजारातल्या एकाच ओट्यावर बसून माणूस तीन राज्यांचा नागरिक झाला.

मी नोकरीनिमित्त बडोद्यास आलो आणि फतेगंजात राहू लागलो. ही वस्ती जागेचा इतिहास वाचायला फार सोयीची आहे. जुने शहर विश्वामित्री नदीच्या पलीकडे, पूर्वेस आहे. मध्यभागी मांडवी, चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे. आत पोळी; पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आतली वस्ती, बहुधा एका जातीची किंवा धंद्याची. नदीच्या अलीकडे मात्र वेगळाच नकाशा. १८०२ च्या सुमारास इंग्रजांचा रेसिडेंट बडोद्यास आला आणि शहराबाहेर छावणी पडली. त्या छावणीच्या हद्दीत गायकवाडांचा नव्हे, इंग्रजांचा अंमल. फतेगंज ही या छावणीशेजारची वस्ती. म्हणून इथे चर्च आहेत, लष्कराचे मोकळे रस्ते आहेत आणि लष्कराच्या ई.एम.ई. शाखेने १९६६ साली एका ख्रिस्ती ब्रिगेडियरच्या पुढाकाराने उभारलेले, अॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेले दक्षिणामूर्तीचे मंदिरही जवळच आहे. विद्यापीठ जवळ असल्यामुळे परगावच्या विद्यार्थ्यांची इथे सतत ये-जा असते. आणि पंधरा-वीस मिनिटे पायी गेले की सयाजीबाग लागते, जुन्या लोकांची कमाटीबाग.

या बागेत १९१७ च्या सप्टेंबरात एक पंचविशीतला तरुण गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास बसला होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्याला शिष्यवृत्ती देऊन न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते. पुढे लंडनलाही शिक्षण झाले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची म्हणून तो बडोद्यास आला होता. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवली आहे. टिपणांचे नाव पाहा. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात पाऊल टाकण्याची परवानगी. स्वतःच्या देशात ज्याला ती लागते अशा माणसाचे हे लेखन. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न ‘जायचे कुठे?’ हाच होता. गावात हिंदूंच्या विशी होत्या, पण तिथे प्रवेश मिळणार नव्हता. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज कचेऱ्यांतून फिरत होता. गावात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडेही जागा झाली नाही. मग कमाटीबाग, आणि रात्रीच्या गाडीने मुंबई.

ही घटना आपण बहुधा ‘केव्हा’च्या पद्धतीने सांगतो. त्या क्षणी एका महापुरुषाने संकल्प केला आणि पुढे इतिहास घडला. आज तिथे संकल्पभूमी आहे, दरवर्षी २३ सप्टेंबरला लोक श्रद्धेने जमतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हीच घटना ‘कुठे’च्या पद्धतीने वाचून पाहावी. म्हणजे त्या दिवशी शहरात कोणकोणती दारे होती आणि प्रत्येक दारात काय सांगण्यात आले ते पाहावे. उतारूगृहवाल्यांचे म्हणणे, ही जागा पारशी प्रवाशांसाठी आहे. हिंदू मित्राची अडचण, तुम्ही आलात तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राच्या घरी पत्नीची अडचण. कचेरीत कागदाची अडचण. विशीवाल्याला तर विचारण्याचीच सोय नव्हती; त्याचे उत्तर सगळ्या गावाला पाठ होते. यांतला एकेक माणूस वेगळा घेऊन त्याच्यावर खटला भरला तर काय होईल? प्रत्येकाचे कारण लहान आहे. ते पटले नाही तरी समजू शकते. कदाचित प्रत्येकजण सुटेल. आणि तरीही सर्व दारे मिळून असे एक शहर तयार झाले की, ज्यात महाराजांनी नोकरी दिलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा उरली नाही.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच. आपले नीतिशास्त्र माणसाकडे, त्याच्या हेतूकडे आणि कृत्याकडे पाहते. ते आवश्यकच आहे. पण काही अन्याय कोणा एकाच्या कृत्यात सापडत नाहीत, ते मांडणीत असतात. दारामागून दार तपासत गेले तर सगळे निर्दोष सुटतात. नकाशा पसरून पाहिला तरच अन्याय दिसतो. अवकाशाचा विचार तत्त्वज्ञानाला आणि इतिहासाला काही देत असेल तर ही नजर देतो.

यातून सयाजीरावांचे कार्य उणे ठरत नाही. १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी १८८० च्या दशकापासून शाळा काढणारा तो राजा होता. पण त्या शाळाही वेगळ्या काढाव्या लागल्या आणि तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळणे कठीण गेले, हे विसरून चालणार नाही. राजाच्या हुकुमाला शाळा, ग्रंथालय, बाग आणि कचेरी उघडता आली. घराचा उंबरठा ओलांडता आला नाही. १८७९ साली तयार झालेल्या त्या बागेने मात्र त्या तरुणाला आडनाव विचारले नाही. सार्वजनिक जागा ही आधुनिक काळाची मोठी देणगी आहे. पुढे महाडचे तळे १९२७ साली आणि नाशिकचे काळाराम मंदिर १९३० साली, बाबासाहेबांचे दोन्ही मोठे सत्याग्रह जागेसाठीच झाले. महाडचे तळे तर कागदावर आधीच खुले झालेले होते. मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर केला होता आणि नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला होता. तरी कागदावरची जागा खरी व्हायला हजारो पावलांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी जागांची यादीच दिली आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर आणि घाट कशाला, असे एखाद्या परदेशी वाचकाला वाटेल. ज्याने दारे मोजली होती त्याला तसे वाटणार नाही.

पण बागेत पाच तास बसता येते, संसार मांडता येत नाही. राहायला घर लागते आणि घर खासगी असते. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो व तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वतःच्या घरी कोणाला ठेवावे हे ठरवण्याचा हक्क मला नाही काय? लहान समाजांना आपली म्हणून एक जागा नको काय? अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, संस्थेला आपले सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवता येते असा निर्णय दिला. संख्येने घटत चाललेल्या समाजाची त्यामागची काळजी मला समजते. आम्ही बडोद्याची मराठी माणसेही आमची मंडळे, आमची मराठी वाङ्मय परिषद जपून आहोत. २०१८ साली ९१ वे साहित्य संमेलन बडोद्यास भरले तेव्हा आपली भाषा चहूबाजूंनी ऐकू येणारी ती जागा तीन दिवस लाभली म्हणून आम्हाला भरून आले होते. आपली जागा असावी ही इच्छा पाप नव्हे.

मग सीमा कुठे आखायची? मला याचे उत्तर कांटपाशीच सापडते. हा तत्त्वज्ञ आपल्या क्योनिग्सबर्ग गावाच्या परिसराबाहेर फारसा कधी गेला नाही, पण विद्यापीठात त्याने कित्येक वर्षे भूगोल शिकवला. ‘शाश्वत शांतता’ या १७९५ च्या निबंधात तो परक्या माणसाच्या हक्काविषयी लिहितो. त्याचे म्हणणे असे: पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, त्यामुळे माणसांना अनंत दूर पांगता येत नाही, शेवटी एकमेकांचा शेजार सोसावाच लागतो. म्हणून दाराशी आलेल्या परक्याला शत्रू मानू नये. त्याला आश्रय नाकारता येईल, पण त्यामुळे त्याचा घात होणार नसेल तरच. ही कसोटी मला फार मोलाची वाटते. ‘माझे कारण पुरेसे आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हेच कारण या रस्त्यावरच्या प्रत्येकाने दिले, तर हा माणूस जाणार कुठे?’ हेही विचारले पाहिजे. पारशी उतारूगृह पारशांपुरते असणे हा गुन्हा न वाटण्याची एक अट होती: गावात दुसरे दार उघडे असणे. ते नव्हते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते.

कोणी म्हणेल, गुरुजी, दिवस बदलले. दिवस बदलले, पण दिवस आपोआप जागा बदलत नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी खोली शोधत होता. चांगली नोकरी, शांत स्वभाव. मी शिफारसपत्रही दिले होते. फोनवर सारे ठरायचे आणि आडनाव कळले की बिघडायचे. सहा घरे झाली. एकाकडे सासूबाई सोवळ्याच्या, एकाकडे कालच खोली गेलेली, एकाकडे सोसायटीचा नियम, एकाला फक्त कुटुंब हवे होते. कोणीही वावगा शब्द बोलले नाही. सहाही कारणे सभ्य होती. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्याला खोली मिळाली, आणि रोजचे दोन तास जाण्यायेण्यात जाऊ लागले. त्या दोन तासांचा हिशेब सहांपैकी कोणाच्या नावावर मांडायचा?

हे एका जातीपुरते नाही. धर्मावरून तर रेषा आता अधिकच जाड झाली आहे. गुजरातेत १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली जाहीर झालेल्या भागांत मालमत्ता विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बडोद्याचेही काही भाग त्यात येतात. दंगलीच्या भीतीने कोणाला मातीमोलाने घर विकावे लागू नये, हा त्या कायद्याचा सांगितलेला हेतू. पण विकणे थांबवणारी रेषा शेजार होणेही थांबवते. २०२४ च्या जूनमध्ये बडोद्याच्याच हरणी भागातील एका सरकारी आवास वसाहतीची बातमी सर्वांनी वाचली असेल. एका मुस्लिम महिलेला योजनेत मिळालेल्या घराविरुद्ध इतर रहिवाशांनी निवेदने दिली होती. तेथेही प्रत्येकाने एकेक सही केली, एवढेच.

शिक्षकाने उपदेश करून थांबू नये, काही करता येण्यासारखे सुचवावे, म्हणून एक उपक्रम सांगतो. नववीच्या मुलांना मी घर ते शाळा असा नकाशा काढायला लावतो. ज्या गल्लीत, ज्या वस्तीत कधी पाऊल टाकले नाही, तो भाग कोरा सोडायचा, असा नियम. मुले प्रामाणिक असतात. बरेच कोरे सोडतात. मग सारे नकाशे वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावतो. थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येते की, आपल्या नकाशात जो भाग कोरा आहे तिथे पलीकडच्या बाकावरच्या मुलाचे घर आहे. त्यावर मी काही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपला एक कोरा भाग भरून आणायचा असतो, आणि तो भरायचा तर त्या घरी जाऊन, पाणी पिऊनच यावे लागते. काही पालकांनी याला हरकत घेतली, बहुतेकांनी घेतली नाही. सीमेवरच्या शाळांतील माझ्या व्यवसायबंधूंनी हा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी लागतो एक कोरा कागद आणि इतिहास-भूगोलाचे दोन सलग तास.